वीस रेषांचा पहिला पाठ

कॉलेजात त्यांना सगळे फुकटे सर म्हणत. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की फुकटे. हे आडनाव काही त्यांना वडिलांकडून मिळालेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः कमावलं होतं, आणि नावाला जागून एक पैसाही न घेता कमावलं होतं.

सरांचा विषय होता संगणकावर पैशाचं गणित करण्याचा. अभ्यासक्रमात त्याचं नाव दीड ओळ लांब होतं. शेअरबाजार पाच वर्षांनी कुठे असेल हे कुणाच्याही बापाला सांगता येत नाही, पण तो कुठे कुठे असू शकेल याचा हिशोब मांडता येतो, आणि त्यावरून एखाद्या करारात धोका किती आहे तेही काढता येतं. एवढंच सर शिकवत. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या विकत, आणि त्याचं वर्षाचं भाडं असं की तेवढ्यात कॉलेजचं गळकं छप्पर दुरुस्त झालं असतं. एका वर्षी कॉलेजने ते भरलंच नाही. सोमवारी सकाळी बत्तीस मुलं बत्तीस मशीनसमोर बसली आणि बत्तीसच्या बत्तीस पडद्यांवर आलं, मुदत संपली.

सर तसे गरीब गाय. पण त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. विद्यार्थी असताना आठवड्यातून एक तास मशीन वापरायला मिळावं म्हणून त्यांनी एका कचेरीत वर्षभर झाडलोट केली होती. विद्येला कुलूप लावणाऱ्या माणसाचं तोंड सकाळी पाहू नये, असं ते म्हणत. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं, त्याला 'पाटी' असं नाव दिलं आणि आतल्या ओळीन् ओळीसकट इंटरनेटवर खुलं ठेवून दिलं. बघा, घ्या, बदला, वाटा, कशालाही वापरा. परवान्याच्या शेवटी एक ओळ होती, 'हे आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही.' ही ओळ सगळेच टाकतात म्हणून सरांनीही टाकली. कारकून बोट ठेवेल तिथे सही करावी, तसं.

पुढे पाटी कुठल्या कुठे गेली. ज्यांची नावं सरांना नीट उच्चारताही येत नसत अशा गावांतले शिक्षक लिहीत, तुमच्यामुळे आमच्या मुलांना शिकता येतं. सर ती पत्रं जेवताना बायकोला वाचून दाखवत. बायको औषधांच्या दुकानात उभ्याने काम करून दमून आलेली असे. ती म्हणे, "जगाला फुकट आणि घरात कटकट. आधी तो नळ बघा, आठ दिवस ठिबकतोय." पण पत्र अर्धवट राहिलं की तीच विचारी, पुढे काय लिहिलंय?

आता ताईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट जितकी सरांची तितकीच त्यांची आहे.

ताई प्रयोगशाळेत लागल्या त्या मशीनवरची धूळ पुसायला. सहा महिन्यांत कुठलं मशीन दुखणाईत, कुठलं आळशी आणि कुठलं नुसतंच ढोंगी, हे त्यांना पाठ झालं. जुने पडदे फाडून त्यांनी बत्तीस मशीनना खोळी शिवल्या. सर रजेवर असले की मुलांना बसवणं, पाटी सुरू करून देणं आणि नंतर वह्या तपासणं हे सगळं ताई करत. पगार मात्र धूळ पुसण्याचाच राहिला. सर दर वर्षी त्यांच्या बढतीचा अर्ज लिहीत आणि कार्यालय दर वर्षी तो वाचून ठेवून देई.

पाटीच्या पहिल्याच वर्षी ताई कपाळाला हात लावून सरांकडे आल्या होत्या. "सर, दोन तुकड्यांची चौसष्ट मुलं आणि चौसष्ट उत्तरं. मी तपासू कशी? सगळ्यांना बरोबर देऊ की सगळ्यांना चूक?"

सर हसले. पाटी बाजाराची पुढची पाच वर्षं वीस वेळा खेळून बघे आणि त्याच्या वीस रेषा काढी. दर वेळी नवे फासे पडत, त्यामुळे दर वेळी रेषा वेगळ्या. पण संगणकाला खरे फासे काही टाकता येत नाहीत. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्या आकड्यातून तो पुढचे सगळे फासे काढतो. आकडा तोच ठेवला तर फासे तेच, रेषा त्याच, उत्तर तेच. सरांनी पहिल्या पाठाच्या आत एक आकडा कायमचा बसवून टाकला. दहाबारा आकडे त्यांनी चालवून पाहिले आणि त्यातला एक ठेवला. त्या आकड्याने वीसही रेषा तांबड्या रेषेच्या वरून जात होत्या. तांबडी रेषा म्हणजे धोक्याची, सुरुवातीच्या साठ टक्क्यांवरची. किती रेषा तिला शिवल्या? शून्य. चित्र कसं स्वच्छ दिसत होतं.

खरी मजा सरांनी दुसऱ्या पाठात ठेवली होती. तिथे लिहिलं होतं, आता आत जा, आकडा बदला आणि पुन्हा चालवा. मुलं आकडा बदलत आणि दोन रेषा धाडकन खाली येत. पुन्हा बदलत, चार येत. मग सर म्हणत, "आत्तापर्यंत तुम्ही एकच शीत दाबून भाताची परीक्षा करत होता." वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरे, तिच्यासाठी सर शिकवत होते म्हटलं तरी चालेल.

ताईंकडे तपासायला येई ते पहिल्या पाठाचं. दुसऱ्या पाठाला बरोबर-चूक असं काही नव्हतंच, तेव्हा त्या तासाला ताई कोठीत वायरी मोजत बसत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. आपण दूरदेशीच्या पोरांना जे शिकवतो ते आपल्या शेजारच्या खोलीतल्या बाईला माहीत नाही, हे सरांच्या मनातही आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मग एका वर्षी वरून फतवा आला आणि विषयाचे तास सहावरून चारवर आले. काहीतरी कापायलाच हवं होतं. सरांनी दुसरा पाठ टिपणांच्या शेवटच्या पानावर नेला आणि वर लिहिलं, 'वेळ मिळाल्यास'. वेळ कधी कुणाला मिळालाय?

इतकं झालं तरी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे नऊ वर्षांनी, ताईंच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले तेव्हा.

कॉलेजातल्या शिक्षकांना पेन्शन होतं. बाकीच्यांचा, म्हणजे माळी, चालक, सफाईवाले, कारकून, प्रयोगशाळेतली माणसं, अशा एकशे त्रेचाळीस जणांचा स्वतःचा निवृत्तिनिधी होता. ग्रंथालयातले मुख्य कारकून त्याचे खजिनदार. सरळ माणूस. निधीची फाइल ते घरी नेत तीसुद्धा पावसात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत घालून. व्याजाचे दर उतरत चालले होते, निवृत्तांच्या हातात दरमहा पडणारी रक्कम आकसत होती आणि लोक खजिनदारांना रस्त्यात गाठून जाब विचारत होते. अशात त्यांना एका गुंतवणूक कंपनीचा सल्लागार भेटला.

सल्लागार म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. एकोणीस नंबरच्या मशीनवर बसायचा, कधी उशिरा आला नाही, अक्षर मोत्यासारखं. तास कापले त्या पहिल्याच वर्षातला. त्याने आणलेला करार असा होता: निधी पाच वर्षं यात ठेवा, दरमहा आत्तापेक्षा जवळजवळ दुप्पट रक्कम मिळेल. अट एकच. बाजाराचा निर्देशांक या पाच वर्षांत सुरुवातीच्या साठ टक्क्यांवर येता कामा नये. एकदा जरी त्या रेषेला शिवला तर दुप्पट रक्कम बंद, आणि मुद्दलही बाजाराच्या मापाने कमी.

ताईंनीच ही बातमी सरांना आनंदाने सांगितली. "आणि सर, त्याने सगळं पाटीवर करून दाखवलं! वरचं रूप बदललंय, निळं-निळं केलंय, पण आत पाटीच. मी लगेच ओळखलं. वीस रेषा, आणि तांबडीला शिवल्या किती? शून्य. मी खजिनदारांना म्हटलं, हे तर आमच्या सरांचं."

ते तसेच उठले आणि त्यांनी सल्लागाराला फोन लावला. "अरे, आतला आकडा बदलून पाहिलास का?"

"कुठला आकडा, सर?"

पोराची काय चूक? ज्या वर्षी तो हे शिकायचा, त्याच वर्षी सरांनी दुसरा पाठ शेवटच्या पानावर नेला होता. त्यांनी फोनवरच दुसरा पाठ शिकवायला घेतला. पोरगा ऐकून घेत होता, मधे मधे "हो सर, हो सर" म्हणत होता, आणि शेवटी म्हणाला, "सर, आता वरच्यांनी मंजुरी दिलीय. मी कंपनीला कळवतो." आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. दोन ओळींचं. पहिली: परवान्यानुसार हे सॉफ्टवेअर कुणालाही कशासाठीही वापरता येतं. दुसरी: हे आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. सरांचंच वाक्य, स्वल्पविरामासकट.

सरांनी पाटीची नवी आवृत्ती काढली, तिच्यात आकडा काढून टाकला, वर मोठ्या तांबड्या अक्षरांत इशारा लिहिला. पण कंपनीकडे जुनी प्रत होती आणि जुनी प्रत ठेवण्याचा हक्क सरांनीच साऱ्या जगाला देऊन ठेवला होता. बायको म्हणाली, "दिलेलं दान परत मागायला निघालेले तुम्ही पहिलेच." मग त्यांचा चेहरा बघून तिने हळूच विचारलं, "ताईंचे किती आहेत त्यात?"

"सगळे," सर म्हणाले.

निधीची सभा शनिवारी सकाळी व्यायामशाळेत भरली. सर निधीचे सभासद नव्हते, त्यांना मत नव्हतं. पण खजिनदार भले गृहस्थ, त्यांनी पाच मिनिटं दिली. सरांनी आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. त्यांनी पाटी उघडली, आत जाऊन आकडा बदलला आणि चालवली. दोन रेषा तांबडीच्या खाली गेल्या.

"बघा," सर म्हणाले.

"पुन्हा चालवा की," मागून एक चालक म्हणाला. सरांनी पुन्हा आकडा बदलला. चार. पुन्हा. एक.

"अहो सर, नक्की किती? दोन, चार की एक?" खुर्च्यांमधून हसू फुटलं. "आधी तुमचं तुम्ही ठरवा!"

"हेच तर सांगतोय, दर वेळी वेगळं येणार!"

"मग उपयोग काय त्याचा?"

सल्लागार अदबीने उठला. "सर, मी तुमचंच आहे तसं चालवतो. काही न बदलता." त्याने चालवलं. शून्य. पुन्हा. शून्य. तिसऱ्यांदा. शून्य. सभेत समाधानाची कुजबुज झाली. साक्ष बदलणाऱ्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवतो? जो तीनदा विचारलं तरी तेच सांगतो तो खरा, हे शहाण्या माणसाला शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. सरांना रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

आणि सर खोटं बोलू शकत नव्हते. कुणीतरी सरळ विचारलं, "सर, एका शब्दात सांगा, बुडणार का?" दहात एकदा बुडेल, हे सरांना माहीत होतं. म्हणजे नऊ वेळा तो पोरगाच खरा ठरणार. "बुडेलच असं नाही," सर म्हणाले. दुसरा कुणी असता तर छातीठोकपणे 'बुडणार' म्हणून मोकळा झाला असता, आणि लोकांचं भलं झालं असतं. पण सरांची जन्माची खोड आडवी आली.

तेवढ्यात खजिनदारांना एक गोष्ट सुचली. चांगल्या मनाने सुचली, हे लिहून ठेवतो. ते म्हणाले, "आपल्यात एक माणूस असा आहे जो हे यंत्र सगळ्यात जास्त ओळखतो. ताई, तुम्ही सांगा. इतकी वर्षं तुम्ही याची उत्तरं तपासलीत. शून्याशिवाय दुसरं उत्तर कधी आलं?"

ताई उभ्या राहिल्या. सभेत बोलायची सवय नव्हती, पदर सावरला. एकदा सरांकडे पाहिलं. "एकवीस वर्षं तपासतेय," त्या म्हणाल्या. "नेहमी शून्यच."

सर उठले. त्यांच्या ओठांवर आलं होतं की ताई, ते शून्य मीच आत बसवलंय, तुमची एकवीस वर्षांची तपासणी म्हणजे एकच चित्र पुन्हा पुन्हा बघणं होतं. पण समोर एकशे त्रेचाळीस माणसं होती, आणि त्यांच्यासमोर ताईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी तज्ज्ञ म्हणून उभं केलं होतं. त्या किंचित लाजल्या होत्या आणि ताठ उभ्या होत्या. सर पुन्हा खाली बसले. खजिनदारांनी घड्याळ दाखवलं, पाच मिनिटं संपली. मत घेतलं तेव्हा पुढच्या रांगेतले माळीमामा आधी ताईंकडे वळून बघत होते. ताईंचा हात वर गेला, मग त्यांचा गेला, मग सगळ्यांचे.

सह्या व्हायला दहा दिवस होते. सोमवारी सरांनी प्रयोगशाळेत ताईंना गाठलं. "ताई, ते सभेतलं जरा बसून बोलू. तो आकडा असा आहे की..."

ताई खोळ घडी करत थांबल्या. "सर, रागावू नका, पण मला कळतंय. तुम्ही फुकट दिलंत आणि त्या पोराने त्यावर पैसे मिळवले. कुणालाही वाईट वाटेल. मलासुद्धा वाटलं."

"तसं नाही हो ताई!"

"असू दे सर. पण आमचं भलं होतंय ना?"

जेवढं समजवावं तेवढा मत्सर जास्त दिसत होता. कॉलेजात तर तसं बोललंच जात होतं, फुकटे सरांना आता पैसे सुचले म्हणून. सरांनी दोन दिवस प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी सोडून दिला. सह्या झाल्या. हा त्यांचा दोष मी झाकणार नाही. दहा दिवसांतले सात त्यांनी नुसते तोंड पाडून काढले.

वर्षभराने ताई निवृत्त झाल्या. दर महिन्याला रक्कम बिनचूक येत होती. त्यांनी पुढची खोली भाड्याने देणं बंद करून तिथे स्वतःसाठी शिवणयंत्र मांडलं. भेटल्या की म्हणत, "बघा सर, उगाच घाबरत होता." सर हसत. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही वाटू लागलं होतं की हे दहातले नऊच निघणार. निर्देशांक मात्र ते रोज सकाळी चोरून बघत, जसं एखादा दुखरी दाढ जिभेने चाचपून बघतो.

तिसऱ्या वर्षी बाजार घसरायला लागला. सत्तर टक्क्यांवर आला. पासष्टवर आला. एका मंगळवारी, पावणेबाराच्या सुमारास, सर वर्गात फळ्यावर रेषा काढत होते तेव्हा तो साठला शिवला. नुसता शिवला. दुपारी परत वर आला आणि पुढच्या दोन महिन्यांत बराच सावरलाही. पण करारात शिवणं पुरेसं होतं.

दरमहाची रक्कम एक तृतीयांशावर आली. खजिनदारांनी फाइल कार्यालयात जमा केली आणि तब्येतीचं कारण सांगून ते घरी बसले. सल्लागाराने सरांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात 'सर' हा शब्द अकरा वेळा होता आणि त्यात आता काही करता येण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. सरांनी सरकारी कचेरीत तक्रार नेली. तिथल्या बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, "सॉफ्टवेअर कुणाचं?" सर म्हणाले, माझं. बाईंनी कागद परत दिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमारास, ताई प्रयोगशाळेत आल्या. मुलं गेली होती. त्यांनी सवयीने एका मशीनवरची खोळ काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली.

"सर, मला ते शिकवा. मी तपासत होते ते काय होतं?"

"आता काय उपयोग, ताई?"

"उपयोग नाही, ते मलाही कळतं. पण मला समजून घ्यायचंय."

सरांना नाही म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी जुनी पाटी उघडली, आकडा कुठे बसवलाय ते दाखवलं आणि बाजूला सरकले. "आता बदला आणि चालवा."

ताईंनी बदलला. तीन रेषा खाली गेल्या. त्यांनी पर्समधून कागद काढून तीन लिहिलं. पुन्हा. दोन. पुन्हा. एक. त्या चालवत राहिल्या, तपासायची सवय होती, दर उत्तरापुढे बारीक खूण करत. वीस वेळा चालवून झाल्यावर त्यांनी कागद बघितला. शून्य दोनदा आलं होतं.

"म्हणजे शून्य येतं कधीतरी."

"येतं."

"आणि तुम्ही तेच ठेवलंत?"

"हो."

"का?"

"चित्र स्वच्छ दिसत होतं," सर म्हणाले. बोलताना त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

ताईंनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "मग मी सभेत सांगितलं ते?"

"खरंच होतं, ताई. तुम्ही अगदी खरं सांगितलंत."

"खरं होतं म्हणून तर सगळ्यांनी हात वर केले." मग म्हणाल्या, "मधे मधे काही मुलांचं वेगळं यायचं. दोन, तीन. मी चूक द्यायचे. एक मुलगी तर भांडली होती माझ्याशी, म्हणे मी आकडा बदलून बघितला. मी तिला म्हटलं, सरांचं उत्तर शून्य आहे." त्यांनी सरांकडे पाहिलं. "ती बरोबर होती ना?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. त्या मुलीबद्दल त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"हे मला आधी का नाही शिकवलंत, सर? कोठीतच तर बसायचे मी. हाक मारली असती तर आले असते."

सरांजवळ सांगायला पुष्कळ होतं. तास कापले, अभ्यासक्रम, वेळ. सगळं खरं होतं. "मला कधी सुचलंच नाही, ताई," ते म्हणाले.

ताई उठल्या. त्यांनी मशीन बंद केलं, खोळ घातली, कोपरे नीट ओढून बसवले. कागद पर्समध्ये ठेवला.

"माळीमामांकडे जाऊन येते. ते समजतात बाजाराने खाल्लं. त्यांना सांगायला हवं."

"मी येतो तुमच्याबरोबर."

"नको सर," ताई म्हणाल्या. "त्यांनी हात वर केला तो माझ्याकडे बघून."

सर दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. ताई जिन्याने हळूहळू खाली उतरत होत्या.